खुरपं, कात्री आणि एक दुचाकी: कमी भांडवलात लॉन देखभालीचा व्यवसाय कसा उभा राहतो?

जूनचा तिसरा आठवडा. पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो येतो. गुडघाभर वाढलेलं गवत, त्यात हरवलेली घसरगुंडी आणि खाली एक ओळ: "याचं कुणी काही करणार आहे का?" सेक्रेटरी माळ्याला फोन लावतात. माळी पेरणीला गावी गेलेला असतो. तो परत येईपर्यंत गवत आणखी वीतभर वाढतं.

सोसायटीसाठी ही डोकेदुखी असते. एखाद्यासाठी तीच व्यवसायाची सुरुवात ठरू शकते.

लॉनची आणि बागेची देखभाल हा मोठं भांडवल न लागणाऱ्या मोजक्या व्यवसायांपैकी एक आहे. दुकान लागत नाही, माल भरून ठेवावा लागत नाही, डिपॉझिट भरावं लागत नाही. पण यात उतरणारे अनेकजण पहिली चूक पहिल्याच आठवड्यात करतात. ते आधी मशिन घेतात आणि मग गिऱ्हाईक शोधायला निघतात. हा क्रम उलटा का असायला हवा आणि कमी पैशांत सुरुवात नेमकी कशी होते, ते समजून घेऊया.

मुळात गिऱ्हाईक कोण?

अमेरिकेत घरासमोर लॉन असणं ही नेहमीची गोष्ट. तिथली शाळकरी मुलंही सुट्टीत शेजाऱ्यांचं गवत कापून खर्चाला पैसे मिळवतात. आपल्याकडे चित्र वेगळं आहे. स्वतःची हिरवळ असलेली घरं कमी, त्यामुळे दारोदार फिरून हा धंदा उभा राहत नाही. इथलं गिऱ्हाईक साधारण पाच प्रकारचं असतं.

पहिलं, हाउसिंग सोसायट्या. त्यातही मधल्या आकाराच्या. मोठ्या टाउनशिपचं काम मोठ्या एजन्सीकडे असतं. अगदी छोट्या सोसायटीत लॉनच नसतं. चाळीस ते दीडशे फ्लॅटच्या सोसायटीला पूर्णवेळ माळी परवडत नाही आणि माळ्याशिवाय भागतही नाही. नव्या माणसासाठी हीच जागा.

दुसरं, बंगले. काम छोटं असतं, पण मालक स्वतः लक्ष घालतो आणि काम आवडलं तर शेजारच्या बंगल्यात नाव सांगतो.

तिसरं, लग्नाची 'लॉन्स'. महाराष्ट्रात मंगल कार्यालयाच्या पाटीवर हा शब्द हमखास असतो. एका लग्नात हजारभर माणसं गवतावर चालतात, मांडवाचे खांब रोवले जातात, खुर्च्यांचे पाय रुततात. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू झाले की ही हिरवळ दर आठवड्याला जखमी होते आणि दोन मुहूर्तांच्या मधल्या दिवसांत कुणीतरी तिच्यावर उपचार करावे लागतात.

चौथं, लोणावळा, कर्जत, अलिबाग, पानशेत भागातली फार्महाउस आणि गोव्यातले व्हिला. मालक शनिवारी येतो, त्यामुळे शुक्रवारी काम झालेलं हवं असतं. पाचवं, एमआयडीसीतल्या छोट्या कंपन्या, शाळा, दवाखाने.

सुरुवातीला पहिले दोन प्रकार सोयीचे. लग्नाची लॉन्स आणि फार्महाउस यांच्यात पैसे जास्त असतात, पण तिथे वेळ चुकली तर माफी नसते.

सुरुवातीला नेमकं काय विकत घ्यायचं?

यादी छोटी आहे. दोन खुरपी, एक विळा, कुंपणाची झाडं कापायची मोठी कात्री, फांद्या छाटायचं सिकेटर, दाताळं, खराटा, घमेलं, कचरा भरायला पोती, हातमोजे, गॉगल. चांगल्या प्रतीची ही सगळी अवजारं साधारण तीन हजार रुपयांत येतात. यात सिकेटर आणि कात्री स्वस्तातली घेऊ नये. बोथट पात्याने फांदी कापली जात नाही, चिरडली जाते आणि चिरडलेल्या जागी रोग शिरतो.

यानंतर प्रश्न उरतो गवत कापायच्या मशिनचा. बाजारात ढोबळमानाने चार पर्याय आहेत.

हाताने ढकलायचं, फिरत्या पात्यांचं मशिन सगळ्यात स्वस्त. ते काही हजारांत मिळतं, पेट्रोल लागत नाही, वीज लागत नाही, आवाज नाही. मशिनचा हा प्रकार जवळपास दोनशे वर्षं जुना आहे. इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायरमध्ये एडविन बडिंग यांनी १८३० मध्ये त्याचं पेटंट घेतलं. कापड गिरणीत कापडावरचे उभे धागे कापणारं यंत्र पाहून त्यांना ही कल्पना सुचली होती. आजही सपाट जागेवर आणि नियमित कापल्या जाणाऱ्या गवतावर हे मशिन सुरेख काम करतं.

दुसरं, विजेवर चालणारं. सोसायटीत प्लग मिळतो, पण लांब वायर सांभाळावी लागते. तिसरं, पेट्रोलचं चाकांवरचं मशिन. ते महाग आणि दुचाकीवर नेता येत नाही. चौथं, खांद्याला अडकवून चालवायचं ब्रश कटर. उंच वाढलेलं, ओबडधोबड गवत कापायला तेच लागतं. मात्र त्याने लॉनचा पृष्ठभाग एकसारखा होत नाही.

सुरुवातीला हाताची अवजारं आणि ढकलायचं मशिन पुरतं. ब्रश कटर भाड्याने घ्यावं किंवा ज्याच्याकडे आहे त्याला त्या दिवसाचे पैसे देऊन सोबत न्यावं. शेतीच्या अवजारांच्या दुकानात विचारलं तर भाड्याने देणारा माणूस बहुतेक वेळा सापडतो.

मोठं मशिन आधी का नको?

याचं उत्तर साध्या गणितात आहे.

समजा, एका सोसायटीचं लॉन ५,००० चौरस फूट आहे, म्हणजे सुमारे ४६५ चौरस मीटर. ढकलायच्या मशिनचं पातं फूटभर रुंद असतं. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर थोडा चढवावा लागतो, म्हणून प्रत्यक्षात २५ सेंटिमीटर धरू. पूर्ण लॉन कापायला सुमारे १,८६० मीटर चालावं लागेल. मशिन ढकलत ताशी दोन किलोमीटरने चाललं तर साधारण ५६ मिनिटं.

आता मोठं मशिन घेऊ. त्याची उपयोगी रुंदी ३८ सेंटिमीटर. चालायचं अंतर होतं १,२२० मीटरच्या आसपास आणि त्याच वेगाने वेळ लागतो ३७ मिनिटं.

म्हणजे मोठ्या मशिनने एका फेरीत वीसेक मिनिटं वाचतात. पण त्या फेरीत फक्त गवत कापायचं नसतं. कडा कापणं, तण काढणं, कुंपण छाटणं, पालापाचोळा गोळा करणं, पोती भरणं हे सगळं हातानेच करायचं असतं आणि त्यालाच जास्त वेळ जातो.

याउलट एक गिऱ्हाईक कोथरूडला आणि दुसरं हडपसरला असेल तर पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये एक तास सहज जातो. मशिन वीस मिनिटं वाचवतं आणि वाकडा रस्ता साठ मिनिटं खातो. वर त्या साठ मिनिटांचे पैसे कुणी देत नाही.

म्हणून कमी भांडवलात सुरुवात करणाऱ्याने आधी एकमेकांजवळची गिऱ्हाइकं जोडावीत. एकाच रस्त्यावरच्या तीन सोसायट्या शहराच्या तीन टोकांच्या सहा सोसायट्यांपेक्षा सोयीच्या ठरू शकतात. एक सोसायटी मिळाली की पुढचं पत्रक तिच्या शेजारच्या गेटवर द्यायचं, दुसऱ्या उपनगरात नाही.

गवत ओळखता येत नसेल तर?

मग व्यवसाय फार दिवस चालत नाही. हिरवं दिसतं ते सगळं एकच गवत नसतं.

आपल्याकडच्या बहुतेक लॉनमध्ये दूर्वेच्या कुळातलं गवत असतं. शेतकरी ज्याला हरळी म्हणतो आणि शेतातून खणून काढता काढता हैराण होतो, तेच हे गवत. शेतातला शत्रू लॉनमध्ये लाडका होतो, कारण दोन्हीकडे त्याचा गुण एकच: जमिनीलगत पसरायचं आणि तुडवलं तरी परत उठायचं. खेळाच्या मैदानांना ते म्हणूनच चालतं. त्याची एकच अट असते, ऊन. दिवसाला सहाएक तास थेट ऊन मिळालं नाही तर ते विरळ होत जातं.

नर्सरीत 'कोरियन' म्हणून मिळणारं गवत मऊ, दाट आणि हळू वाढणारं. ते कमी वेळा कापावं लागतं, पण उखडलं तर भरून यायला वेळ घेतं. रुंद पानांची काही गवतं सावली सहन करतात. समुद्रकिनाऱ्याजवळ, जिथे पाण्यात क्षार असतो, तिथे पास्पालमसारखं खारं पाणी सोसणारं गवत लावतात.

हे माहीत असण्याचा फायदा पहिल्याच भेटीत होतो. उंच इमारतीच्या सावलीतलं लॉन दरवर्षी मरतं आणि सोसायटी दरवर्षी नवं लावते, हे अनेक ठिकाणी चालू असतं. "इथे दूर्वा जगणार नाही, सावलीतली झुडपं लावा," असं सांगणारा माणूस एका कामाचे पैसे सोडतो, पण वर्षाचं काम मिळवतो.

दुसरी गोष्ट, कापायची उंची. जगभर एकच नियम पाळला जातो: एका वेळी पात्याच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापायचं नाही. गवत चार सेंटिमीटरवर ठेवायचं असेल तर ते सहा सेंटिमीटर झालं की कापायचं. महिनाभर वाट पाहून एकदम जमिनीलगत कापलं की लॉन पिवळं पडतं, माती उघडी होते आणि त्या मोकळ्या जागेत तण शिरतं. 'पंधरा दिवस टिकावं म्हणून अजून बारीक कापा' असं गिऱ्हाईक सांगतं तेव्हा नाही म्हणता आलं पाहिजे.

तिसरी गोष्ट, लव्हाळा. लॉनमधलं हे सगळ्यात चिवट तण. वरून उपटलं की पान हातात येतं आणि जमिनीतली गाठ तशीच राहते. आठ दिवसांत ते पुन्हा हजर होतं. त्यासाठी खुरप्याने खोल जाऊन गाठीसकट काढावं लागतं, तेही पुन्हा पुन्हा. सोसायटीला हे आधीच सांगावं, नाहीतर 'काल तर काढलं होतं' हा वाद ठरलेला.

चौथी गोष्ट, खत. युरियाने लॉन पटकन हिरवं होतं, म्हणून मूठ सैल सुटते. १०० चौरस मीटरला एका वेळी किलोभराच्या आसपास युरिया पुरतो. तो एकसारखा पसरावा आणि लगेच पाणी द्यावं. जास्त पडला, ओल्या पानांवर पडून राहिला किंवा पाणी द्यायचं राहिलं तर गवत जळतं आणि जळलेले डाग महिनाभर गेटवरून दिसतात.

हे शिकायचं कुठे? राज्यातल्या कृषी विद्यापीठांकडून माळी प्रशिक्षणाचे अभ्यासक्रम चालवले जातात. भारतीय कृषी कौशल्य परिषदेच्या यादीतही 'गार्डनर' हे काम आहे. पुण्याजवळ सोरतापवाडी, उरुळी कांचन परिसरात रोपवाटिकांची रांगच आहे. तिथे काही आठवडे हाताखाली काम केलं तरी गवताची, मातीची आणि रोपांच्या भावाची चांगली ओळख होते. एखाद्या जुन्या माळ्यासोबत एक पावसाळा काढणं हीसुद्धा शाळाच.

दर कसा ठरवायचा?

सगळ्यात जास्त लोक इथे बुडतात. शेजारच्या सोसायटीत माळी दीड हजारात येतो म्हणून आपणही दीड हजार सांगायचे, हा नेहमीचा प्रकार. पण तो माळी त्याच गल्लीत राहत असेल, मशिन सोसायटीचं असेल, खत सोसायटी देत असेल. त्याचा दर त्याच्या खर्चाचा आहे.

एक नमुना हिशेब पाहू. यातले आकडे फक्त समजण्यासाठी आहेत, प्रत्येकाने आपापल्या भागातले टाकावेत. स्वतःच्या श्रमाचा दर ताशी १०० रुपये धरला आहे. महिन्याला चार फेऱ्या, प्रत्येक फेरी तीन तासांची, जाण्यायेण्याचा एक तास.

- प्रत्यक्ष काम, १२ तास: १,२०० रुपये
- प्रवासाचा वेळ, ४ तास: ४०० रुपये
- पेट्रोल: २०० रुपये
- खत, पोयटा माती, पोती: २०० रुपये
- अवजारांची झीज, धार, दुरुस्ती: १०० रुपये
- पाहणी, फोन, बिल, वसुली यांत जाणारा दीड तास: १५० रुपये

बेरीज २,२५० रुपये. त्यावर २० टक्के नफा धरला तर २,७०० रुपये. दीड हजार सांगितले असते तर दर महिन्याला ७५० रुपये खिशातून गेले असते आणि ते कळलंही नसतं, कारण ते पैसे श्रमाच्या रूपाने गेले असते.

अशी दहा गिऱ्हाइकं मिळाली तर महिन्याचे सुमारे १७५ तास भरतात. आठ तासांचे २६ दिवस धरले तर २०८ तास होतात, म्हणजे एका माणसाचा महिना जवळपास भरला. हातात श्रमाचे आणि नफ्याचे मिळून २२,००० रुपये येतात. रक्कम डोळे दिपवणारी नाही. 'घरबसल्या लाखो कमवा' अशा व्हिडिओंमध्ये हा हिशेब नसतो.

आता याच दहा गिऱ्हाइकांच्या पाच जोड्या करू. प्रत्येक जोडी एकमेकांना लागून. दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी वेगळा प्रवास नाही. महिन्याला २० तास आणि १,००० रुपयांचं पेट्रोल वाचतं. त्या २० तासांत त्याच रस्त्यावरचं अकरावं गिऱ्हाईक आरामात बसतं. नवं मशिन न घेता, कर्ज न काढता उत्पन्न वाढतं.

दर सांगताना आणखी एक काळजी. महिन्याच्या रकमेत काय येतं आणि काय येत नाही, ते कागदावर लिहून द्यावं. गवत कापणं, कडा, तण, कुंपणाची छाटणी आत. नवी रोपं, मातीचा ट्रक, औषधफवारणी आणि कचरा बाहेर नेणं वेगळं. कापलेलं गवत टाकायचं कुठे, हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारावा. सोसायटीत खताचा खड्डा असेल तर काम सोपं होतं. नसेल तर पोती वाहून नेण्यात अर्धा दिवस जातो आणि त्याचा उल्लेख कराराच्या कागदात नसतो.

पावसाळ्यात धावपळ, उन्हाळ्यात काय?

हा व्यवसाय ऋतूंवर चालतो. जून ते सप्टेंबर गवत इतक्या वेगाने वाढतं की आठवड्याला एक फेरीही कमी पडते. ओलं गवत मशिनमध्ये अडकतं, बुरशी येते आणि पाऊस नसलेला दिवस शोधावा लागतो. थंडीत वाढ मंदावते. फेब्रुवारी-मार्चमध्ये माती आणि शेणखताचा पातळ थर पसरायचं काम निघतं. एप्रिल-मेमध्ये सगळं पाण्यावर येऊन थांबतं.

म्हणून फेरीमागे पैसे घेण्यापेक्षा वर्षभराचा मासिक करार दोघांनाही परवडतो. पावसाळ्यात सोसायटीला जास्तीच्या फेऱ्यांचं बिल येत नाही आणि उन्हाळ्यात माळ्याची चूल थंड होत नाही.

पाण्याचा हिशेब मात्र प्रत्येकाने पाठ ठेवावा. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. कडक उन्हाळ्यात लॉनला दिवसाला पाच मिलिमीटरच्या आसपास पाणी धरलं तर १,००० चौरस फुटाला रोज ४६५ लिटर लागतं. ५,००० चौरस फुटाच्या लॉनला २,३०० लिटरहून जास्त. दहा हजार लिटरचा टँकर जेमतेम चार दिवस पुरतो.

ज्या सोसायटीत पिण्याच्या पाण्यासाठी टँकर मागवावे लागतात, तिथे गवतावर पाणी मारणारा माणूस सगळ्यांच्या डोळ्यांत येतो, आणि ते चूक नाही. सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प असेल तर त्याचं पाणी बागेला वापरता येतं. पाणी पहाटे द्यावं, दुपारी नाही. लॉनचा जो कोपरा कुणी वापरत नाही, तिथे कमी पाण्यावर जगणारी झुडपं सुचवावीत. फक्त लॉनवर अवलंबून राहणारा व्यवसाय दुष्काळी वर्षात पहिल्यांदा बंद होतो. 'लॉन आणि बाग देखभाल' असं नाव घेऊन सुरुवात करणारा तग धरतो.

एक खडा, एक काच

ब्रश कटरच्या पात्याला खडा लागला की तो गोळीसारखा सुटतो. समोर पार्किंग असेल आणि गाडीची काच फुटली तर महिन्याच्या करारापेक्षा जास्त भरपाई द्यावी लागू शकते. समोर मूल खेळत असेल तर भरपाई हा शब्दच अपुरा.

म्हणून मशिन सुरू करण्याआधी पूर्ण जागेवरून एकदा चालत जायचं. खडे, तारा, काचा, खेळणी उचलायची. आसपास कुणी नसेल याची खात्री करायची. गॉगल आणि बूट घालायचे. आपल्याकडे चपलेवर ब्रश कटर चालवणारा माणूस कुठेही दिसतो आणि पायाची बोटं गमावणाराही असाच असतो. विजेचं मशिन ओल्या गवतावर चालवायचं नाही, आणि जोडणी ईएलसीबी असलेल्या प्लगमधूनच घ्यायची. पेट्रोल गरम इंजिनात ओतायचं नाही. पावसाळ्यात उंच गवतात हात घालण्याआधी काठीने हलवून घ्यायचं, साप असू शकतो.

मदतनीस ठेवला तर त्याचीही जबाबदारी येते. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कापून २ लाखांचं अपघात संरक्षण मिळतं. वय १८ ते ७० हवं. एका चहाच्या दोन कपांइतका हा खर्च स्वतःसाठी आणि मदतनिसासाठी टाळू नये.

कागदपत्रं कोणती लागतात?

सुरुवातीला फार नाहीत. पण सोसायटीला बिल लागतं आणि बिलासाठी थोडी शिस्त लागते.

उद्यम नोंदणी केंद्र सरकारच्या अधिकृत पोर्टलवर आधारच्या मदतीने ऑनलाइन होते आणि पूर्ण मोफत आहे. तिच्या नावाने पैसे मागणाऱ्या वेबसाइटपासून सावध राहावं. दुकाने व आस्थापना कायद्याखाली मोजकेच कामगार असलेल्या छोट्या व्यवसायाला पूर्ण नोंदणीऐवजी ऑनलाइन सूचना देणं पुरतं. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सेवा व्यवसायाला साधारणपणे जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. वरच्या हिशेबातली दहा गिऱ्हाइकं वर्षाला ३ लाख २४ हजारांची होतात, म्हणजे ती मर्यादा खूप दूर आहे.

सोसायटीने बिलातून पैसे कापले तर घाबरू नये. एकच बिल ३० हजारांच्या वर किंवा वर्षाची एकूण रक्कम १ लाखाच्या वर गेली की व्यक्तीच्या नावावरच्या कंत्राटात १ टक्का टीडीएस कापला जातो. पॅन दिलेलं नसेल तर तो २० टक्के होतो. कर बसत नसेल तर रिटर्न भरून कापलेली रक्कम परत मिळते.

दोन ठिकाणी मात्र कायदा कडक आहे. शहरातलं झाड तोडायला १९७५ च्या महाराष्ट्र वृक्ष संरक्षण कायद्यानुसार परवानगी लागते. 'ही फांदी फक्त खिडकीत येते' म्हणून सेक्रेटरीने सांगितलं तरी मोठी छाटणी महापालिकेच्या परवानगीशिवाय करू नये. गुन्हा दाखल झाला तर कुऱ्हाड कुणाच्या हातात होती, हे आधी पाहिलं जातं. आणि कीटकनाशकं फवारण्याची सेवा पैसे घेऊन द्यायची तर कीटकनाशक कायद्याखाली परवाना लागतो. तो नसेल तर ते काम परवानाधारकाकडे सोपवावं.

कर्ज कधी काढावं?

मशिन आठवड्यातून चार दिवस चालेल इतकं काम हातात आल्यावर. त्याआधी हप्ता सुरू होतो आणि मशिन घरात उभं राहतं.

मुद्रा योजनेच्या 'शिशु' गटात ५० हजारांपर्यंतचं कर्ज तारण न ठेवता मिळू शकतं. ब्रश कटर आणि विजेचं मशिन यासाठी ते बऱ्याचदा पुरतं. बँकेत जाताना सोसायट्यांचे करार आणि सहा महिन्यांची बिलं सोबत असली तर बोलणं सोपं होतं. पीएम विश्वकर्मा योजनेबद्दल मात्र गोंधळ दिसतो. तिच्या १८ व्यवसायांत 'मालाकार' आहे, पण तो फुलांचे हार करणाऱ्यांसाठी. बागकाम त्या यादीत नाही.

पहिले तीन महिने

पहिल्या महिन्यात एक रस्ता निवडायचा. तिथल्या सोसायट्या, बंगले, लॉनचा अंदाजे आकार, ऊन-सावली, पाण्याची सोय, सध्याचा माळी कोण, हे वहीत लिहायचं. सध्याचा माळी काढून टाकायला लावून मिळवलेलं काम तसंच जातंही. त्यापेक्षा त्यालाच विचारावं. तो गावी जातो तेव्हा त्याच्या जागी काम करायची तयारी दाखवली तर तोच पहिलं गिऱ्हाईक मिळवून देऊ शकतो.

दुसऱ्या महिन्यात एका गिऱ्हाइकाचं काम असं करायचं की शेजारच्यांना फरक दिसावा. कापण्याआधीचा आणि नंतरचा फोटो काढायचा, सोसायटीच्या परवानगीने. कडा सरळ ठेवायच्या. लोकांना गवताची जात कळत नाही, सरळ कड मात्र लगेच दिसते. ठरलेल्या वारी ठरलेल्या वेळी पोचायचं आणि जमणार नसेल तर आदल्या दिवशी कळवायचं.

तिसऱ्या महिन्यात वही उघडून बसायचं. प्रत्येक जागेला किती तास लागले, किती मिळाले, कुणाचे पैसे अडकले. जे गिऱ्हाईक लांबचं आहे, उशिरा पैसे देतं आणि दर वेळी 'एवढं जरा करून द्या' म्हणतं, ते सोडायचं की त्याचा दर वाढवायचा, हे ठरवायचं.

पुढच्या जूनमध्ये व्हॉट्सॲप ग्रुपवर तोच फोटो पुन्हा येईल. फक्त एखाद्या सोसायटीत त्याखाली सेक्रेटरी लिहितील: "गुरुवारी येणार आहेत, दर गुरुवारी येतात." या व्यवसायाचं खरं भांडवल म्हणजे तो गुरुवार.